परसातील बोरीची छाटणी

मे महिन्याच्या कडक उन्हात कोरडवाहू भागातील बोरीचे झाड पाने गाळून उघडे पडते. नवख्याला ते वाळले असावे असे वाटते. वस्तुतः ते विश्रांती घेत असते आणि छाटणीस हाच काळ योग्य होय. तरीही परसात वा शाळेच्या आवारात लावलेल्या कलमी बोरीला सहसा करवत लागत नाही. फळझाडावर हत्यार चालवू नये, ही भावना त्यामागे असते. आंबा-चिकूच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी रास्त आहे; बोरीचे मात्र तिने नुकसानच होते.

याचे कारण असे की, बोरीला फुले येतात ती चालू हंगामातील नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यांत. गतवर्षी फळलेली फांदी पुन्हा फळत नाही. नव्या फुटीला आधार देणे एवढेच तिचे काम उरते. छाटणी न झालेल्या झाडावर जुन्या काड्यांची दाटी होते, फळे लहान राहतात आणि आतील भागात ऊन-वारा न पोचल्याने भुरी रोग बळावतो.

रोप लहान असताना कमरेच्या उंचीपर्यंत एकच खोड ठेवून वर निरनिराळ्या दिशांना तीन-चार जोमदार फांद्या राखाव्यात. पुढे दरवर्षी एप्रिलअखेरपासून, वळवाच्या सरींनी नवी फूट सुरू होण्यापूर्वी, गतवर्षीच्या मुख्य फांद्या साधारणतः १५ ते २० डोळे ठेवून छाटाव्यात. त्यांवरील बारीक उपफांद्या, रोगट व परस्परांवर घासणाऱ्या काड्या मुळापासून काढाव्यात. काप धारदार हत्याराने, साल न सोलता घ्यावा. जाड फांद्यांच्या जखमांना १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी या प्रमाणात केलेली बोर्डो पेस्ट लावावी. घरच्या एका झाडाला याचा शंभरावा हिस्सादेखील पुरतो. छाटलेल्या काटेरी फांद्या कुंपणास उपयोगी पडतातच.

रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड १९९० च्या सुमारास राज्यात सुरू झाली आणि हलक्या जमिनीवर बोरीची कलमे मोठ्या प्रमाणावर लागली. ‘उमराण’, ‘कडाका’ ही नावे त्यामुळे घरोघरी परिचित झाली. अशा झाडांबाबत एक तक्रार वारंवार ऐकू येते : कलम उमराणचे घेतले, बोरे मात्र आंबट आणि गोटीएवढी. दोष रोपवाटिकेला दिला जातो. पुष्कळदा खरा प्रकार निराळा असतो. कलमाच्या सांध्याखालून, म्हणजे गावठी खुंटापासून, निघालेले फुटवे वेळीच काढले गेलेले नसतात. ते अधिक जोमाने वाढून वरच्या कलमी भागाला दडपतात आणि चार-पाच वर्षांत झाड गावठी होऊन बसते. पानांचा लहान आकार व काट्यांची दाटी यांवरून हे फुटवे ओळखता येतात. छाटणीच्या वेळी आणि पावसाळ्यातही ते सांध्याखालून समूळ काढले पाहिजेत.

झाड पूर्णपणे गावठी झाले असले, तरी ते उपटण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात खोड गुडघ्याएवढे राखून करवतीने कापावे, येणाऱ्या धुमाऱ्यांपैकी दोन-तीन सरळ व जोमदार ठेवावेत आणि जून-जुलैमध्ये साल सुटू लागली की त्यांवर इच्छित जातीचा डोळा भरावा. मुळे जुनी व खोल गेलेली असल्याने असे झाड नव्या रोपापेक्षा लवकर फळावर येते.