दहा रोपे दिसतील तेव्हाच कळवा

उन्हाळ्यात शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या पुलावरून खाली पाहिले, तर पुष्कळदा पाण्याऐवजी हिरवे कुरणच दिसते. ही जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुलांच्या शोभेसाठी बंगालमध्ये आणली गेली आणि पुढे देशभर पसरली.

तिची ओळख सोपी आहे. पाने गोलसर, जाड व चकचकीत. देठ फुगीर, तो कापल्यास आत हवेने भरलेली स्पंजासारखी ऊती दिसते. त्यामुळेच रोप तरंगते. दाटी झाल्यावर मात्र देठ उंच व सडपातळ होतात. मुळे काळसर, पिसांसारखी. फूल फिकट जांभळे, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका. गोंडाळही पाण्यावर तरंगते, पण त्याची मखमली पाने देठाविना कोबीसारखी मांडलेली असतात. कमळ, कुमुद यांची मुळे चिखलात रुजलेली असतात. त्यांना हात लावू नये.

पंचगंगेत ती इतकी का माजते? सांडपाण्यातून नायट्रोजन व फॉस्फरस मिळतात आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घातले, की पाणी संथ होते. अनुकूल स्थितीत रोपांची संख्या साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. या वेगाने जानेवारीच्या आरंभीची 10 रोपे 20 आठवड्यांत 10,240 होतील! हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. दाट थराखाली प्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे गुदमरतात. पावसाळ्यात पूर हा थर कृष्णेकडे वाहून नेतो. पण काठाला अडकलेली रोपे आणि चिखलातील बिया उरतात. बिया अनेक वर्षे जिवंत राहतात.

म्हणून पहिली रोपे दिसताच काठावरूनच छायाचित्र घ्यावे. विद्यार्थ्यांनी पाण्यात उतरू नये. तारीख, नेमके ठिकाण आणि अंदाजे क्षेत्र लिहून ग्रामपंचायतीस किंवा नगरपालिकेस व तेथील जैवविविधता व्यवस्थापन समितीस कळवावे. नमुना शाळेत आणल्यास तो पुन्हा विहिरीत वा ओढ्यात टाकू नये. पाण्यापासून दूर पूर्ण वाळवावा.

या नोंदींची एक वही शाळेने ठेवावी. तीन-चार वर्षांत दरवर्षीची सुरुवात कोठून होते ते कळेल. त्या जागेजवळ सांडपाण्याचा नाला मिळतो का, तेही पाहावे. मिळत असल्यास पुढच्या पत्रात त्याचाही उल्लेख करावा.