हृद्य गणातील दुर्मिळ फळे आणि वैद्याचे परसदार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या चिकित्सालयात हिंग्वादि गुटिका सिद्ध करण्याचे काम चालू होते. चूर्ण खलात घातले होते, कागदी लिंबांची पाटी शेजारी होती आणि आंतरवासीयता करणारी एक विद्यार्थिनी नोंदवही घेऊन बसली होती. भावनाद्रव्याचा रकाना आला तेव्हा तिने मान वर करून विचारले, "सर, इथे मातुलुंग लिहू की निंबू?"

प्रश्न साधा होता, पण आम्हांस उत्तर सुचेना. मागची पाने उलटून पाहिली. सलग अकरा वर्षे 'मातुलुंग स्वरस' अशीच नोंद होती आणि या अकरा वर्षांत मातुलुंगाचे एकही फळ आमच्या खलापर्यंत आलेले नव्हते. कोणी फसवावे म्हणून हे केले नव्हते. गुरुजींच्या वेळची नोंद पाहून आम्ही लिहीत गेलो आणि लिंबू पिळीत गेलो. त्या दिवशी प्रथमच 'निंबू स्वरस' अशी नोंद झाली. परसदारी मातुलुंग लावण्याचा निश्चयही त्याच दिवशी झाला. त्या खटाटोपात जे शिकावयास मिळाले, ते वैद्यबंधुभगिनींच्या आणि औषधी दुकानदारांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दहा फळांचा हिशेब

चरकाचार्यांनी हृद्य महाकषायात दहा द्रव्ये सांगितली आहेत: आम्र, आम्रातक, लकुच, करमर्द, वृक्षाम्ल, अम्लवेतस, कुवल, बदर, दाडिम आणि मातुलुंग. ही सर्व फळे आहेत आणि बहुतेक अम्लरसप्रधान आहेत. 'हृद्य' म्हणजे हृद्रोगावरील औषध असा सरसकट अर्थ येथे करू नये. मनाला रुचणारे आणि अन्नाची वासना जागविणारे हा अर्थ आम्हांस अधिक ग्राह्य वाटतो.

या दहांपैकी आज किती हाती लागतात? आंबा, डाळिंब आणि बोराचे लहानमोठे प्रकार असलेले कुवल व बदर, ही चार बाजारात सहज मिळतात. करवंद आणि कोकम हंगामात मिळतात. आम्रातक म्हणजे अंबाडा आणि लकुच म्हणजे वटंब, ही कोकणात जाणत्याला सापडतात. अंबाडा आणि अंबाडीची भाजी यांचा नामसाम्यामुळे गोंधळ होतो, म्हणून मागणी नोंदविताना 'अंबाड्याचे फळ' असे स्पष्ट लिहावे. उरली दोन, मातुलुंग आणि अम्लवेतस. घोटाळा होतो तो मुख्यतः या दोहोंत. चरकोक्त गुल्मचिकित्सेतील हिंग्वादि चूर्णात अम्लवेतस घटकद्रव्य आहे आणि त्याच चूर्णाच्या गुटिका करावयाच्या तर मातुलुंगरसाची वारंवार भावना सांगितली आहे. एकाच कल्पात दोन्ही दुर्मिळ फळे एकत्र आली आहेत.

मातुलुंग आणि त्याची अपत्ये

मातुलुंग, बीजपूर, बिजौरा, महाळुंग ही एकाच फळाची नावे. शास्त्रीय नाव सिट्रस मेडिका. हे फळ महाराष्ट्राला परके नाही. करवीरनिवासिनी अंबाबाईच्या मूर्तीच्या उजव्या खालच्या हातात म्हाळुंगच आहे. म्हाळुंग, म्हाळुंगे अशा नावांची गावेही आपल्याकडे आहेत. नाव राहिले, झाड मात्र दिसेनासे झाले.

"लिंबू काय आणि महाळुंग काय, दोन्ही आंबटच," असे आमचे एक स्नेही म्हणाले. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. लिंबूवर्गीय फळांच्या जनुकीय अभ्यासाचे जे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार मातुलुंग ही या कुळातील मूळ जातींपैकी एक असून कागदी लिंबू आणि जंबेरी ही तिच्या संकरातून झालेली अपत्ये आहेत. परंतु अपत्य म्हणजे माता नव्हे. वाग्भटाचार्यांनी तर एकाच मातुलुंगाच्या तीन भागांचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत. साल तिक्त, कटु, स्निग्ध व वातघ्न. आतील जाड पांढरा गर मधुर, बृंहण व गुरु. मध्यभागीचा अम्ल केसर लघु, आणि कास, श्वास, हिक्का, मदात्यय यांत हितकर. ज्या ग्रंथकारांनी सालीचा आणि केसराचा भेद मानला, त्यांनी दोन भिन्न फळांचा भेद मानला नसेल, असे कसे म्हणावे?

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. मातुलुंग मिळाले तरी अख्खे फळ ठेचून पिळू नये. साल व पांढरा गर सोडवून केवळ केसर घ्यावा, बिया काढाव्यात आणि मग रस गाळावा. भावनेस दगडी खल वापरावा. तांब्या-पितळेच्या भांड्यास हा रस लावू नये.

आमची फसगत

रोप मिळविण्यासाठी आम्ही प्रथम एका रोपवाटिकेत गेलो. 'महाळुंग' अशी चिठ्ठी लावलेली दोन कलमे मोठ्या आनंदाने आणली. पहिल्याच उन्हाळ्यात दोन्हींचे शेंडे वाळले, आणि पावसाळ्यात बुंध्यापासून जोमदार फुटवे आले. झाड जगले म्हणून आम्ही समाधानी झालो. चार वर्षे खतपाणी केले. फळे आली ती लहान, पातळ सालीची, भरपूर रसाची. वरचे कलम मरून खालचा जंबेरीचा खुंट वाढला होता. चार वर्षे आम्ही जंबेरीची सेवा केली.

दोष रोपवाटिकेचा किती आणि आमचा किती, हा वाद निरर्थक आहे. पाने नीट पाहिली असती तर पहिल्याच वर्षी उलगडा झाला असता. मातुलुंगाच्या देठाला पंख नसतात, आणि देठ व पाते यांमध्ये स्पष्ट सांधा दिसत नाही. इतर लिंबूवर्गीय झाडांत देठाशी सांधा असतो आणि बहुधा लहानमोठे पंखही असतात. मातुलुंगाची कोवळी पालवी आणि कळ्या जांभळट छटेच्या असतात. फळ मोठे, खडबडीत, जाड सालीचे असून त्यात रस अल्प असतो. एवढी लक्षणे पाठ असली तर कोणी सहसा फसणार नाही.

पुढे कोल्हापूरकडील एका रुग्णाच्या जुन्या घरी परसात खरे महाळुंग दिसले. घरातील आजींना आम्ही फळातील बी मागितले. त्या हसून म्हणाल्या, "बी कशाला, वैद्यबुवा? फांदी न्या की. आमच्या सासूबाईंनी पण फांदीच लावली होती."

लागवड

आजींचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. लिंबूवर्गीय झाडांत मातुलुंगाइतके सहज फाट्यापासून फुटणारे झाड क्वचितच असेल. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीची, पक्व लाकडाची, वीतभर लांबीची फांदी घ्यावी. पाने काढून टाकावीत आणि वाळूमिश्रित मातीच्या पिशवीत दोन-तीन डोळे मातीखाली जातील अशी लावून सावलीत ठेवावी. आमच्या सहा फाट्यांपैकी चार दीड-दोन महिन्यांत मुळावल्या. असे झाड स्वतःच्या मुळांवर उभे असते, म्हणून खुंट फुटून फसगत होण्याचा प्रश्नच उरत नाही. गुटी कलमही चांगले साधते.

जमीन निचऱ्याची हवी. दोन फूट लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा शेणखत व निंबोळी पेंड घालून भरावा. बुंध्याशी पाणी साचले तर डिंक्या रोग होतो, म्हणून दुहेरी आळे करून बुंधा कोरडा ठेवावा आणि पावसाळ्यापूर्वी बोर्डो मलम लावावे. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी कोवळी पाने खाते. ती लिंबावरील फुलपाखराची अळी होय. झाड औषधासाठी असल्याने विषारी फवारा न मारता अळ्या हाताने वेचाव्यात. अंगण नसेल तर मोठ्या कुंडीतही झाड तग धरते. काटे असतात, म्हणून मुलांच्या वाटेवर लावू नये.

वृक्षाम्ल आणि अम्लवेतस

कोकम परसात लावणाऱ्यांची निराशा वेगळ्या कारणाने होते. कोकमात नर व मादी झाडे निराळी असतात. बियांपासून वाढविलेले झाड सात-आठ वर्षांनी फुलते आणि तेव्हा कळते की ते नर आहे. म्हणून मादी झाडाचे मृदुकाष्ठ कलमच घ्यावे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' हे वाण प्रसिद्ध आहेत. दुकानदारांनी आणखी एक लक्षात ठेवावे. स्वयंपाकाचे आमसूल कोकमाच्या रसाची पुटे देऊन आणि पुष्कळदा मीठ लावून वाळविलेले असते. औषधासाठी बिनमिठाची, नुसती वाळविलेली साल स्वतंत्र मागवावी. अन्यथा चूर्णातील लवणाचे प्रमाण नकळत वाढते.

अम्लवेतस म्हणून आज गार्सिनिया पेडुंक्युलाटा हे फळ घेतले जाते. हे आसामातील 'बोर थेकेरा' होय. पिवळ्या मोठ्या फळाच्या चकत्या वाळवून विकतात. मात्र याच नावाने रेवंदचिनीच्या जातीचे वाळके देठही काही बाजारांत येतात. माल घेताना एक तुकडा पाण्यात भिजवून पाहावा. फळाची चकती फुगते आणि तिचा मांसल पोत दिसतो. देठ तंतुमय असतो. हे झाड दमट हवेचे असल्याने देशावर त्याची उठाठेव करण्यापेक्षा खात्रीचा पुरवठादार शोधावा हे बरे. तो न मिळाल्यास भावप्रकाशाने अम्लवेतसाच्या अभावी चुक्र घेण्यास सांगितले आहे. प्रतिनिधी द्रव्य घेण्यात कमीपणा नाही. ते घेऊन मूळ द्रव्याचे नाव लिहिण्यात आहे.

नोंदवहीतील दोन ओळी

फाटा लावल्यापासून तिसऱ्या वर्षी आमच्या झाडाला सात फळे धरली. एका फळातून जेमतेम दोन-तीन पळ्या रस निघाला. लिंबाच्या पाटीशी तुलना करता हा व्यवहार आतबट्ट्याचाच आहे, हे आम्ही मान्य करतो. सातही फळांचा रस एका लहान घाणीच्या भावनांना कसाबसा पुरला. म्हणून आता आमच्याकडे हिंग्वादि गुटिकेच्या दोन बरण्या असतात. एकीवर 'मातुलुंग भावित', दुसरीवर 'निंबू भावित'. पहिली लवकर संपते. दुसरी देताना आम्ही रुग्णास तसे सांगतो. दोहोंच्या गुणांत किती अंतर आहे, याविषयी एवढ्या तुटपुंज्या अनुभवावर विधान करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण अशी तुलना कधी व्हावयाचीच असेल, तर आधी बरणीवर खरे नाव हवे. अकरा वर्षांच्या आमच्या नोंदींतून कोणालाही काहीच शिकता येणार नाही, ही बोच आम्हांस आजही आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाने सर्व दहा झाडे लावावीत असे आमचे म्हणणे नाही. एकाने महाळुंग, दुसऱ्याने कोकम, कोकणातील कोणी वटंब वा अंबाडा लावला आणि फळांची देवाणघेवाण केली, तर एका तालुक्याची गरज बरीच भागेल. औषधी दुकानदारांनी शेतकऱ्यास आगाऊ मागणी दिली, तर बांधावर चार झाडे लावावयास तो तयार होतो, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या झाडाची छाटणी दर ज्येष्ठात होते. मागील वर्षी नऊ फाटे निघाले आणि नऊही वैद्यांच्या घरी गेले. त्यांतला पहिला आम्ही त्या विद्यार्थिनीस दिला. ती आता स्वतंत्र चिकित्सालय चालविते आणि तिच्या नोंदवहीत तूर्त 'निंबू' असेच लिहिलेले असते.