अरुंद वाटेचं माप नकाशात

रत्नदुर्गाजवळच्या मिरकरवाडा बंदरात उतरलेली मासळी ताजी राहायची तर गाड्यांना वाट मोकळी मिळायला हवी. बाहेरगावचा चालक नकाशावर विसंबून वस्तीतल्या बोळात शिरला, तर मागे येणंही कठीण.

2004 मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात यावर उपाय आहे. तिथं फलकावरची कायदेशीर मर्यादा आणि जागेवरची प्रत्यक्ष मर्यादा वेगवेगळ्या नोंदवतात. बोळांवर सहसा फलक नसतो, म्हणून दुसरी नोंद मोलाची. रुंदीसाठी ‘मॅक्सविड्थ फिजिकल’, उंचीसाठी ‘मॅक्सहाइट फिजिकल’, आकडा मीटरमध्ये.

माप सर्वांत अरुंद जागी घ्यावं. घराच्या पायऱ्या, विजेचा खांब, उघडं गटार सोडून उरते तीच खरी रुंदी. उंची मोजताना पुढं आलेला पत्रा पाहावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ट्रक 2.6 मीटरपर्यंत रुंद असू शकतो आणि त्यात बाजूचे आरसे धरत नाहीत. त्यामुळे 2.7 मीटरची वाट कागदावर पुरते, प्रत्यक्षात नाही.

वाहनाचं माप विचारात घेणारी अ‍ॅप्स ही नोंद वाचून दुसरा मार्ग सुचवू शकतात. अग्निशमन बंब आणि रुग्णवाहिकेसाठी तर ती जीव वाचवणारी माहिती आहे. ती स्थानिकांनीच टेप लावून भरावी.