पत्ता हरवलेली मेमरी

शंभर गिगाबिटचं नेटवर्क कार्ड पूर्ण भरात चालू असेल आणि येणारी पॅकेट्स सगळ्यांत छोट्या आकाराची असतील, तर एका सेकंदात जवळजवळ १४ कोटी ८८ लाख पॅकेट्स आत येऊ शकतात. एका पॅकेटच्या वाट्याला येतात ६.७ नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फार तर दोन मीटर पुढे जातो. काम प्रोसेसरच्या अनेक कोअरमध्ये वाटून घेतलं तरी कार्ड हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, हाती फार थोडा अवधी उरतो. तेवढ्यात पॅकेट उचलायचं, ते कुणाचं आहे ते पाहून पुढे सोपवायचं आणि पुढच्या पॅकेटसाठी रिकामी जागा तयार ठेवायची. हे वर्षानुवर्षं न थांबता चालतं, याचंच मला आधी नवल वाटतं. त्यात मेमरीची गळती का होते, हा प्रश्न त्यानंतरचा.

व्हर्च्युअलायझेशन सर्व्हरवर हे नवल आणखी वाढतं. एकाच लोखंडी पेटीत पन्नास-शंभर आभासी यंत्रं, म्हणजे व्हीएम, नांदत असतात. प्रत्येकीला वाटतं की प्रोसेसर, मेमरी, नेटवर्क सगळं आपलंच आहे. ही कल्पना १९६०च्या दशकातली, आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांवरची. व्हीएम चालवणारं ‘केव्हीएम’ २००७ साली लिनक्सच्या गाभ्याचाच, म्हणजे कर्नलचाच, भाग झालं आणि आज जगातलं कितीतरी क्लाउड त्याच्यावर चालतं. या सगळ्या व्हीएमचं बाहेरच्या जगाशी बोलणं बहुधा होस्टवरच्या, म्हणजे त्या पेटीतल्या, एक-दोन कार्डांतून आणि त्यांच्या ड्रायव्हरमधून जातं. तो ड्रायव्हर चुकला, तर चूक त्याच्या एकट्याची राहत नाही.

इंटेलची ई८१० या कुळातली कार्डं मोठ्या सर्व्हरांत सर्रास दिसतात. त्यांच्या लिनक्स ड्रायव्हरचं नाव ‘आइस’. २०२५ मध्ये या ड्रायव्हरमधली एक गळती सापडली आणि दुरुस्त झाली. इतकी देखणी चूक मी क्वचितच पाहिली आहे.

ती समजायला आधी ‘रिंग’ समजली पाहिजे. कार्ड आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये मेमरीतल्या जागांची एक गोलाकार रांग असते. ड्रायव्हर प्रत्येक स्थानावर मेमरीच्या एका रिकाम्या तुकड्याचा, म्हणजे पानाचा, पत्ता लिहून ठेवतो. कार्ड प्रोसेसरला न विचारता पॅकेटमधला मजकूर थेट त्या पानावर उतरवतं, किती बाइट्स उतरवले तो आकडा नोंदवतं आणि पुढच्या स्थानाकडे वळतं. ड्रायव्हर मागून येत भरलेली पानं उचलत जातो. विहिरीवरच्या रहाटगाडग्यासारखंच आहे हे: गाडगी भरून वर येतात, रिती होतात, पुन्हा खाली जातात, आणि माळ कुठे संपत नाही.

दर वेळी कर्नलकडे नवं पान मागायचं आणि वापरून झालं की परत करायचं, एवढी सवड ६.७ नॅनोसेकंदांत नसते. म्हणून ड्रायव्हर रितं झालेलं पान लगेच माळेतल्या पुढच्या मोकळ्या जागी बांधून टाकतो. वेगाचं सगळं रहस्य या पुनर्वापरात आहे आणि गळतीही तिथेच होती.

नेहमीच्या इथरनेटवर एका फ्रेममध्ये १५०० बाइट्सपर्यंत मजकूर मावतो. डेटा सेंटरच्या आतल्या जाळ्यांत, विशेषतः स्टोरेजसाठी, ही मर्यादा ९००० पर्यंत वाढवतात. या जंबो फ्रेम्स. एवढी फ्रेम एका पानावर मावत नाही, म्हणून कार्ड तिचे तुकडे करून लागोपाठच्या स्थानांवर उतरवतं. ड्रायव्हर ते तुकडे मोजतो, फ्रेम जुळवतो आणि शेवटी मोजलेल्या तुकड्यांइतकी स्थानं मोकळी करतो.

आता गंमत पाहा. जंबो फ्रेम्स येत असताना हे कार्ड अधूनमधून एखादं स्थान ‘भरलं’ म्हणून पुढे करतं आणि आकड्याच्या जागी लिहितं शून्य. म्हणजे रितंच गाडगं वर येतं. ड्रायव्हर शून्य बाइट्सचा तुकडा फ्रेमला जोडत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण जोडला नाही म्हणून तो मोजलाही जात नाही. शेवटी आवराआवर करणारा भाग तुकड्यांच्या संख्येवर विसंबून असल्यामुळे एक स्थान कमी आवरतो. त्या स्थानावरचं पान तसंच राहतं. पुढे पुनर्वापर करणारा भाग मोकळी जागा शोधत तिथे पोचतो. जागा रिकामी असणार असं तो गृहीत धरतो, कारण ती रिकामीच असायला हवी होती. तपासणं म्हणजे आणखी वेळ घालवणं, म्हणून न तपासता तो नव्या पानाचा पत्ता जुन्या पत्त्यावर लिहितो.

जुनं पान त्या क्षणी हरवतं. मेमरीच्या चिपमध्ये ते शाबूत असतं, त्याला वीज मिळत असते, कर्नलच्या लेखी ते कुणाला तरी दिलेलं असतं. फक्त त्याचा पत्ता आता कुणाजवळच नसतो, आणि पत्ता नसेल तर ते परत कोण करणार? ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला तरी ते येत नाही. होस्ट रीबूट करणं, एवढाच उपाय राहतो.

असं एखादं पान गेल्याने काय बिघडतं? लिनक्समधलं साधं पान ४,०९६ बाइट्सचं. लाखो पॅकेट्सच्या पुरात सेकंदाला अशी दहाच पानं हरवली असं धरू. चोवीस तासांत साडेतीन जीबी गेले. व्हर्च्युअलायझेशन होस्टवर हा आकडा फार मोठा असतो, आणि त्याचं कारण वरवर पाहताना दिसत नाही. समजा, होस्टवर ५१२ जीबी मेमरी आहे. त्यातली ४८० जीबी व्हीएमसाठी मोठ्या पानांच्या रूपाने आधीच राखून ठेवलेली असते, तिला कर्नल हात लावू शकत नाही. उरले ३२. त्यातही दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरमध्ये मेमरी दोन प्रदेशांत विभागलेली असते, कारण प्रत्येक प्रोसेसरला जवळची मेमरी लवकर मिळते. या प्रदेशांना नूमा नोड म्हणतात. एका नोडवर कर्नलच्या वाट्याला आले १६ जीबी. कार्ड ज्या नोडला जोडलेलं, तिथेच पानं हरवत जातात आणि पाच दिवसांच्या आत तो नोड कोरडा पडतो, तोही शेजारच्या नोडवर पुरेशी जागा असताना! मग ‘केस्वॉपडी’ हा मेमरी मोकळी करू पाहणारा धागा त्या नोडवर प्रोसेसर खात जिवाच्या आकांताने फिरत राहतो. अगदीच गळ्याशी आलं तर कर्नल एखादी प्रक्रिया मारून जागा करतो. केव्हीएममध्ये अख्खी व्हीएम म्हणजे होस्टवरची एक प्रक्रियाच असते. तेव्हा ही कुऱ्हाड एखाद्या निरपराध व्हीएमवरही पडू शकते.

शोधणाऱ्याची पहिली अडचण अशी की मेमरीच्या ताळेबंदात ही पानं कुठेच दिसत नाहीत. ‘मेमइन्फो’ या फाइलमध्ये प्रोग्रामांची मेमरी, फाइलींची कॅशे, कर्नलच्या छोट्या वस्तूंचा ‘स्लॅब’ अशी खाती असतात. ड्रायव्हरने थेट घेतलेल्या पानांना त्यात स्वतंत्र रकाना नाही. सगळ्या रकान्यांची बेरीज एकूण मेमरीपेक्षा कमी भरते आणि ही तूट दिवसागणिक वाढत जाते. कुठल्याच खात्यात नसलेली मेमरी हाच पहिला धागा. स्लॅब फुगलेला नाही, कुठला प्रोग्राम फुगलेला नाही, म्हणजे कुणीतरी अख्खी पानंच घेत असलं पाहिजे.

इथे ‘केमेमलीक’ या गळती शोधणाऱ्या साधनाची आठवण होते. २००९ पासून ते लिनक्समध्ये आहे आणि त्यामागची कल्पना मला फार आवडते. कर्नलने दिलेल्या प्रत्येक वस्तूची ते नोंद ठेवतं आणि ठरावीक वेळाने मेमरी वाचत जातं. वाचताना ते फक्त एवढंच विचारतं: इथे लिहिलेला हा आकडा एखाद्या वस्तूचा पत्ता तर नाही? जिचा पत्ता कुठेच आढळला नाही, ती वस्तू हरवली असं समजायचं. या विचाराचं मूळ जॉन मॅकार्थी यांच्या १९६०च्या लिस्प या संगणकभाषेत सापडतं. पण आपल्या कामाला केमेमलीक पुरत नाही. थेट घेतलेल्या पानांची नोंद ते ठेवत नाही, आणि प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर त्याचा भारही झेपत नाही.

नेमकी ती उणीव २०२४ साली आलेल्या कर्नल ६.१० ने भरून काढली. त्यात मेमरी मागणाऱ्या कोडच्या प्रत्येक ओळीला मोजणीसाठी स्वतःचा काउंटर मिळाला. ‘अॅलॉकइन्फो’ नावाची फाइल उघडली की दिसतं: इतके बाइट्स, इतक्या वेळा, अमुक फाइलीतल्या तमुक ओळीने, अमुक फंक्शनने घेतले आणि अजून परत केलेले नाहीत. काही तासांच्या अंतराने दोनदा पाहायचं. जो आकडा रहदारी ओसरली तरी खाली येत नाही, त्याच्यासमोर ड्रायव्हरचं नाव ओळीच्या क्रमांकासह लिहिलेलं असतं. कोट्यवधी ओळींच्या कर्नलमध्ये बोट एका ओळीवर ठेवता येतं, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी खरी वाटली नसती.

अर्थात ती ओळ सांगते फक्त पान कुणी घेतलं ते. कुणी विसरलं, ते सांगत नाही. पान घेणारी ओळ निर्दोष होती, चूक दूर आवराआवरीत होती. तिथवर पोचायला मग जुनाच मार्ग: एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. फ्रेमची मर्यादा ९००० वरून १५०० वर आणली की प्रत्येक फ्रेम एकाच स्थानात मावते, एक स्थान तर ड्रायव्हर नेहमीच आवरतो, आणि गळती थांबते. प्रयोगशाळेत साध्या फ्रेम्सवर हा ड्रायव्हर कितीही पळवला असता, तरी ही चूक दिसली नसती.

दुरुस्ती छोटी आहे. तुकडे मोजून स्थानं आवरण्याऐवजी फ्रेमच्या पहिल्या स्थानापासून ड्रायव्हर जिथवर पोचला आहे तिथवरची सगळी स्थानं आवरायची, भरलेली असोत वा रिती. कार्ड अधूनमधून शून्य का लिहितं, हे मात्र नक्की कळलेलं नाही, असं दुरुस्ती करणाऱ्यांनी तिच्यासोबतच्या टिपणात स्पष्ट नोंदवून ठेवलं आहे.