जुन्या बोटीचं अभ्यंगस्नान

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या खाड्यांत ओहोटीच्या वेळी चिखलात सरळ उभ्या राहिलेल्या छोट्या, जाडसर बांध्याच्या शिडाच्या बोटी दिसतात. त्यांतली एखादी वेस्टर्ली सेंटॉर असण्याची शक्यता बरीच. पोर्ट्‌समथजवळच्या वॉटरलूव्हिलमध्ये १९६९ ते १९८० या काळात या २६ फुटी बोटी अडीच हजारांच्या आसपास बनल्या. तळाला एकाऐवजी दोन पाती असल्याने पाणी ओसरलं तरी त्या कलंडत नाहीत. फायबरग्लास लाकडासारखं कुजतही नाही. त्यामुळे पन्नाशीला टेकल्या तरी त्या या मालकाकडून त्या मालकाकडे जातच असतात, आणि हिवाळा सरला की कोणीतरी नवा मालक बादली-ब्रश घेऊन डेकवर गुडघे टेकतो.

डेकवर काळे-तपकिरी डाग आणि केबिनच्या खिडक्या धुरकट, ही अशा बोटीची ठरलेली अवस्था. दोन्हींवर ताकद लावायचा मोह होतो. माझं मत विचाराल तर उन्हापावसाने झाली नसेल इतकी नासधूस या पहिल्या आठवड्यातल्या उत्साहाने होते.

डेकचा वरचा पांढरा थर म्हणजे जेलकोट. पॉलिएस्टर रेझिनमध्ये रंग मिसळून केलेला हा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. उन्हाने वरचं रेझिन झिजतं, रंगाची पूड मोकळी होते आणि हात फिरवला की तळवा पांढरा होतो. त्या खडबडीत झालेल्या पृष्ठभागात मळ रुततो. पाय घसरू नये म्हणून डेकवर मुद्दाम ठेवलेली खरखरीत नक्षी असते, तिच्या खोबणींत तर शेवाळ आणि बुरशी मुक्कामालाच असतात. तारेचा ब्रश किंवा भांड्यांची हिरवी घासणी मारली की मळासोबत जेलकोटही जातो, पृष्ठभाग आणखी खडबडीत होतो आणि पुढच्या वर्षी मळ दुप्पट बसतो. म्हणून आधी गोडं पाणी, भांडी घासायचा साबण आणि मध्यम केसांचा ब्रश. निम्मं काम तेवढ्यावर होतं. खरखरीत भागाला मेण मात्र कधीच लावू नये. भर समुद्रात ओल्या डेकवरून पाय सटकला तर चकाकी काय कामाची?

उरलेल्या डागांकडे जरा थांबून बघावं. कठड्याच्या खांबाच्या बुडाशी तपकिरी ओघळ असेल तर तो गंज आहे. खांब स्टेनलेस स्टीलचा, मग गंज कुठून? स्टेनलेस स्टीलवरचा संरक्षक पापुद्रा हवेतल्या प्राणवायूवर जगतो. बोल्टच्या खाली, फटीत, खारं पाणी साचून राहिलं की तिथे प्राणवायू पोचत नाही आणि तोच ‘न गंजणारा’ धातू आतून गंजायला लागतो. ओघळ पुसून टाकला पण बोल्ट उघडून नव्याने सील केला नाही, तर खालचं दुखणं चालूच राहतं. अनेक बोटींच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांत प्लायवुड किंवा बाल्साचं हलकं लाकूड असतं. फायबरच्या आत लाकूड ही रचना आपल्याकडेही परकी नाही: गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली आणि दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणेला नेलेली ‘म्हादेई’ ही बोट तशीच आहे. सील फुटलं की पाणी त्या लाकडात मुरतं. स्क्रूड्रायव्हरची मूठ डेकवर ठकठक करत न्यावी. टणक आवाज अचानक बद्द झाला, की तिथे साबणाचं काम संपलं आणि सुताराचं सुरू झालं.

गंजाच्या डागावर उतारा ऑक्झॅलिक आम्लाचा. गंज पाण्यात विरघळत नाही. हे आम्ल त्यातल्या लोहाला धरून त्याचं विरघळणारं संयुग बनवतं. घासावं लागत नाही. लेप लावायचा, दहा-पंधरा मिनिटं ओला ठेवायचा, तपकिरी रंग डोळ्यांदेखत फिका पडत जातो, मग भरपूर पाण्याने धुऊन काढायचा. अमेरिकेत १८८२ पासून विकली जाणारी ‘बार कीपर्स फ्रेंड’ ही पूडही याच आम्लावर चालते. अळूने घशाला खाज सुटते तीही याच आम्लाच्या कॅल्शियमयुक्त स्फटिकांमुळे. तेव्हा हातमोजे, चष्मा हवाच. बुरशीसाठी ब्लीच वापरायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी आणि अगदी पातळ करून. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये ईप्रच्या आघाडीवर सोडला होता, तोच.

डेक सागवानी असेल तर हात आणखी हलका. राखाडी पडलेलं सागवान सडलेलं नसतं, फक्त उन्हाने विटलेलं असतं. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही नौका मलबारी सागाच्या बळावर आजही इंग्लंडात हार्टलपूलला उभी आहे. प्रेशर वॉशर मात्र सागाचा मऊ भाग उडवतो आणि कडक रेषा वर राहतात. मऊ ब्रश, रेषांना आडवा, एवढंच. खलाशी पूर्वी वालुकाश्माच्या दगडाने डेक घासत. अमेरिकी नौदलाने १९३१ मध्ये त्यावर निर्बंध घातले, कारण महागडी सागवानी डेकं झिजून चालली होती.

आता खिडक्या. त्या बहुधा काचेच्या नसतात, ॲक्रिलिकच्या असतात. काचेसाठीचा अमोनियाचा फवारा, ॲसिटोन, थिनर यांनी ॲक्रिलिकमध्ये बारीक तडे जातात. कोरड्या फडक्याने पुसणं तितकंच वाईट. मिठाचे कण पॉलिश पेपरचं काम करतात. आधी पाणी ओतून मीठ घालवावं आणि मग एक सोपी परीक्षा करावी. धुरकट भाग ओला असताना पारदर्शक दिसला तर दोष वरवरचा आहे: पाण्याने ओरखडे भरले आणि प्रकाश विखुरायचा थांबला. ओल्यातही कोळ्याच्या जाळ्यागत रेषा चमकत राहिल्या तर तडे आत आहेत, तिथे पॉलिश हरतं.

वरवरच्या दोषाला १०००, १५००, २००० अशा चढत्या नंबरचे वॉटर पेपर, सतत ओले ठेवून. प्रत्येक नंबराला घासायची दिशा काटकोनात बदलावी, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. शेवटी प्लॅस्टिकचं पॉलिश. मशीन एका जागी धरू नये, ॲक्रिलिक साधारण १०० अंशांना मऊ पडतं. खिडकी पॉलिकार्बोनेटची असेल तर पेपर लावूच नये. तिच्यावरचा कडक लेप गेला की ती आणखी लवकर पिवळी पडते.

तडे गेलेली खिडकी बदलावीच लागते. जुनी काढून नव्या ॲक्रिलिकच्या शीटवर ठेवायची आणि कडेने आखून घ्यायची. सीलंट घेताना तो ॲक्रिलिकला चालतो का ते डब्यावर वाचावं. पॉलिसल्फाइडचा चालत नाही. खिडकी स्क्रूने बसणार असेल तर भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी पाडावीत आणि स्क्रू करकचून आवळू नयेत. उन्हात ॲक्रिलिक चांगलंच प्रसरण पावतं, आणि जागा मिळाली नाही की पहिला तडा नेमका भोकापासूनच निघतो.