बंगळूरच्या दप्तरातील एक रिकामी ओळ

सातारा-सांगलीकडच्या डोंगराळ गावांतून पलटणीत गेलेल्या आणि 1971 च्या युद्धानंतर अल्पावधीतच घरी परतलेल्या एखाद्या वृद्ध जवानास, आपल्या डिस्चार्ज बुकातील पदकांचा रकाना अपुरा राहिला असल्याचे उतारवयात ध्यानी येते, तेव्हा त्याचा अर्ज ज्या शहराकडे रवाना होतो ते शहर कित्येकदा त्याने जन्मात पाहिलेलेही नसते. मराठा म्हटला की त्याचे दप्तर बेळगावी, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे आणि मराठा लाइट इन्फंट्रीपुरता तो यथार्थही आहे. परंतु त्याच रेजिमेंटची तिसरी बटालियन दुसऱ्या महायुद्धानंतर छत्रीधारी झाली, 1952 साली पॅराशूट रेजिमेंट स्थापन होताच ती ‘दुसरी पॅरा’ म्हणून तीत समाविष्ट झाली, आणि त्या रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र 1992 साली आग्र्याहून बंगळूरला आले. तिचे अभिलेख कार्यालय, ज्याला जवान नुसते ‘रेकॉर्ड्स’ म्हणतात, तेही आज तेथेच आहे. हलसूर तलावाजवळचा मद्रास इंजिनिअर ग्रुप, आर्मी सर्व्हिस कोअर, लष्करी पोलीस अशा अनेक दलांची दप्तरे याच शहरात असल्यामुळे, आपण ज्याला उद्यानांचे आणि संगणकांचे नगर म्हणून ओळखतो ते असंख्य सैनिकी आयुष्यांचे कोठारही आहे.

11 डिसेंबर 1971 रोजी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली हीच दुसरी पॅरा टांगाइलजवळ विमानांतून उतरली. मैमनसिंग आणि जमालपूरकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट लोहाजंग नदीवरील पुंगली पुलापाशी तिने रोखून धरली, आणि 16 डिसेंबरला ढाक्यात प्रथम पाऊल ठेवणाऱ्या भारतीय तुकड्यांत तिचा समावेश होता. या मोहिमेसाठी पुढे दोन पदके ठरली. पूर्वेकडील युद्धक्षेत्रात ज्यांनी प्रत्यक्ष सेवा केली त्यांना ‘पूर्वी स्टार’, आणि सरहद्दीवरील राज्यांत 3 डिसेंबर 1971 पासून 20 डिसेंबर 1972 पर्यंतच्या काळात जे सेवेत होते त्यांना ‘संग्राम मेडल’. ही शौर्यपदके नव्हेत. शौर्यपदकासाठी वरिष्ठाची शिफारस लागते. येथे केवळ उपस्थिती पुरे असते, आणि म्हणूनच असे पदक नाकारले गेले असता मनुष्याला होणारे दुःख निराळ्या जातीचे असते. ‘तू पराक्रम केला नाहीस’ हे ऐकून घेता येते. ‘तू तेथे नव्हतासच’ हे कसे ऐकावे?

आता ही नोंद सुटते कशी, ते पाहू. जवानाच्या नोकरीत जे जे घडते, मग ती बदली असो, जखम असो, लग्न असो वा पदक असो, ते ते त्याची युनिट ‘पार्ट टू ऑर्डर’ या हुकुमाने प्रसिद्ध करते, आणि त्या हुकुमाच्या आधारे रेकॉर्ड्समध्ये त्याच्या ‘शीट रोल’वर मजकूर चढतो. हुकूम निघाला नाही, तर दप्तराच्या दृष्टीने ती गोष्ट घडलीच नाही. युद्ध संपल्यावर पदके जाहीर होऊन त्यांच्या याद्या तयार होईपर्यंत मध्ये काळ गेला. एवढ्यात कोणी जखमी होऊन इस्पितळात गेला, कोणी दुसऱ्या युनिटवर बदलला, कोणी राखीव दलात जाऊन घरी नांगर धरू लागला. यादी करणाऱ्याच्या समोर जो नव्हता त्याचे नाव राहून जाणे किती सोपे होते!

म्हणून अर्जदाराने प्रथम एक भेद जाणून घ्यावा. मिळालेले पदक गहाळ झाले, तर दुसरी प्रत मागावयाची. पदक मुळीच मिळाले नाही, तर प्रथम नोंदीची दुरुस्ती मागावयाची. या दोन अर्जांची गल्लत झाली की कागद महिनोन्‌महिने या टेबलावरून त्या टेबलावर हिंडतो. दुरुस्तीचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करावा. त्यात सैन्य क्रमांक, हुद्दा, कंपनी व तारखा स्पष्ट लिहाव्यात, आणि डिस्चार्ज बुकाची नक्कल व त्या वेळच्या सहकाऱ्यांचे दाखले जोडावेत. उत्तर न आल्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने आपल्याच शीट रोलची प्रत मागता येते, आणि तेवढ्यानेही न भागल्यास 2007 च्या कायद्याने निर्माण झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे.

खरी अडचण काळाची आहे. निवृत्तिवेतन न मिळवता जो सैन्यातून बाहेर पडला त्याचे कागद 25 वर्षांनंतर नियमानुसार नष्ट केले जातात. अर्थात ज्याने अल्प सेवा केली त्याचाच पुरावा सर्वांत आधी नाहीसा होतो. अमेरिकेत सेंट लुईस येथील अभिलेखागाराला 12 जुलै 1973 रोजी लागलेल्या आगीत सुमारे 1 कोटी 60 ते 80 लाख सैनिकांच्या फायली जळाल्या. परंतु त्यानंतर तेथील सरकारने पगारपत्रके आणि इतर खात्यांचे कागद यांवरून त्या सेवा पुन्हा उभ्या करण्याचे काम हाती घेतले. दप्तर नाहीसे झाले म्हणून पुराव्याचा सगळा भार म्हाताऱ्या माणसावर टाकावयाचा नाही, ही त्यामागील दृष्टी मला फार मोलाची वाटते. आपल्याकडेही युनिटची वॉर डायरी आहे, जखमींच्या इस्पितळी नोंदी आहेत, वेतनाचे हिशेब आहेत. सेवा सरकारची होती, तेव्हा शोधाचे कर्तव्यही प्रथम सरकारचेच आहे.

या पदकाने निवृत्तिवेतनात एका रुपयाचीही भर पडत नाही. त्यावर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, एवढेच. पण 1971 साली वीस वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरीला टेकला आहे. त्याच्यामागे वारसांना अर्ज करता येईल. मात्र त्या दिवशी आपण कोणत्या कंपनीत होतो, आपल्या पुढे आणि मागे विमानातून कोणी उडी घेतली, पुलावर आपली जागा कोणती होती, हे सांगणारा तोच एकटा असतो. घरातील कोणी लिहिते-वाचते असेल, त्याने या दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याजवळ बसावे आणि ते सारे तारखांसह उतरवून घ्यावे.