ऑक्टोबर? नको रे बाबा!

चांदणं, मसाला दूध, दिवाळीचं शॉपिंग... सगळं जग शरदाच्या प्रेमात पडलेलं असतं, तेव्हा परभणीची एक मुलगी पुण्यात बसून दर तासाला फोनवर हवामान बघत असते. का बरं?

ऑक्टोबर लागला की माझ्या मोबाइलवर दोन प्रकारचे फोटो यायला लागतात. पहिले बॉस्टनच्या मावसभावाचे. लालभडक मेपल, पायाखाली पानांचा सडा, अंगात लोकरीचा स्वेटर, हातात कॉफीचा भलामोठा मग आणि खाली कॅप्शन, 'फॉल इज हिअर!' दुसरे फोटो आईचे. तिचं एक बोट हमखास लेन्सवर असतं. उरलेल्या जागेत आमचं शेत आणि त्यावर भरून आलेलं काळं आभाळ. कॅप्शन वगैरे काही नाही.

मी मावसभावाला लाइक देते आणि आईला फोन लावते.

तर मंडळी, आज एक कबुली द्यायची आहे. मला हा सीझन आवडत नाही. ऑटम म्हणा, फॉल म्हणा, शरद म्हणा... नाहीच आवडत! ऑफिसात हे बोलले तर लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मी पुरणपोळीला नावं ठेवलीत.

कोझी वगैरे कुणासाठी?

आधी त्या इम्पोर्टेड ऑटमचं बघू. स्टारबक्सने अमेरिकेत २००३ मध्ये 'पम्पकिन स्पाइस लाटे' आणली आणि ऑटमला चक्क एक चव मिळाली. गंमत म्हणजे २०१५ पर्यंत त्या कॉफीत भोपळा नव्हताच, होता तो फक्त मसाला! पुढे ही चेन २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला आली. आता डब्यातल्या भोपळ्याच्या भाजीला नाक मुरडणारे आपण स्क्रीनवरच्या त्या केशरी मगाकडे बघून उसासे टाकतो. बाहेर मात्र घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असतो.

मुळात आपल्याकडे पानं गळतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. आश्विन-कार्तिकात झाडं हिरवीगार असतात आणि माणसं सुकलेली. २३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे निघतो, पण आपल्याकडे तो अजून चांगलाच डोक्यावर असतो. त्यात मान्सून माघारी फिरतो. ढगांचं छत्र जातं, जमीन मात्र ओलीच राहते. वरून थेट ऊन, हवेत बाष्प आणि वारा पडलेला. झाली ऑक्टोबर हीट तयार! मुंबईत ऑक्टोबरची दुपार ऑगस्टपेक्षा सरासरी तीनेक अंशांनी जास्त तापते. स्वेटर कसला घालताय?

आपल्या पूर्वजांना हे पक्कं ठाऊक होतं. शरद ही वैद्यांची आई, असं आयुर्वेदात गमतीने म्हटलंय, कारण या दिवसांत पित्त खवळतं आणि वैद्यबुवांचं दुकान जोरात चालतं. कार्तिकाचे शेवटचे आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस म्हणजे तर चक्क 'यमाची दाढ'! आजच्या भाषेत सांगायचं तर डेंगी, व्हायरल आणि सिक लीव्हचा सीझन. आशीर्वाद देतानाही आपण शंभर शरद जग म्हणतो. मला तर वाटतं, शरद निभावला की वर्ष निभावलं, असाच त्याचा अर्थ असावा.

पण खरं सांगू? माझं भांडण उकाड्याशी नाहीच. पंखा पाचवर केला की ते मिटतं.

परभणीचा रिझल्ट

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे तुम्ही ऐकलं असेलच. त्या परभणीत ऑक्टोबर म्हणजे रिझल्टचा महिना. आमच्या काळ्या रानात जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की सोयाबीन पडतं. ते साधारण शंभर दिवसांचं पीक. म्हणजे ते काढायला येतं नेमकं सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये. आणि परतीचा पाऊसही नेमका तेव्हाच! सकाळी आभाळ निळंशार, दुपारी तीनला ढग चढायला लागतात, चार वाजता विजा.

आता शेतकऱ्याची गोची बघा. वाळलेलं सोयाबीन उभं ठेवलं तर उन्हाने शेंगा तडकतात आणि दाणे मातीत. कापून ठेवलं आणि पाऊस आला तर शेंगेतच कोंब फुटतात. कापणी गुत्त्याने द्यावी तर सगळ्या गावाचं सोयाबीन एकाच वेळी आलेलं, मजूर मिळत नाहीत. मग सुरू होतो अंदाजांचा खेळ. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा मंगळवार-शुक्रवारचा हवामान सल्ला, सेलू तालुक्यातल्या पंजाबराव डखांचे मोबाइलवर फिरणारे अंदाज, आणि शेजारच्या आजोबांचं हस्त-चित्रा नक्षत्रांचं गणित. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, तिन्ही ऐकतात. मग अंगणात उभं राहून आभाळाकडे बघतात आणि शेवटी मनालाच विचारतात.

हे सगळं कशासाठी, तर सोयाबीन म्हणजे वर्षाचा पहिला पैसा. त्यातून दिवाळी, त्यातूनच हरभऱ्याचं बियाणं, दुकानदाराची उधारी आणि होस्टेलची फी. कापूस आणि तूर नंतर येतात, तोवर सगळं सोयाबीनवर. तुमचा पगार, बोनस, अप्रेझल आणि इन्कम टॅक्स एकाच आठवड्यात ठरणार असेल आणि एचआरच्या जागी ढग बसले असतील, तर कसं वाटेल? तसं.

ती दिवाळी

२०१९ मध्ये लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. मी पुण्यात मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला. पनवेल-नांदेड एक्स्प्रेसने निघाले. गंगाखेड सोडल्यावर गाडी गोदावरी ओलांडते, तिथे मला दर वेळी घरी आल्यासारखं वाटतं. त्या सकाळी नदीला पाणी बघून डब्यातले काही जण खूश झाले. एक काका मात्र खिडकीतून बघत म्हणाले, "हे जुलैत पाहिजे होतं."

घरी पोचले तर दारात आकाशकंदील नव्हता. आमचं सोयाबीन कापून, सुडी लावून, वर ताडपत्री टाकून ठेवलेलं. पण पाऊस उघडतच नव्हता. ताडपत्रीच्या खालून पाणी शिरलं. दादांनी सुडीत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. आत वाफ होती. मूठभर शेंगा त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या. शेंगा काळ्या पडलेल्या आणि त्यांतून पांढरे कोंब बाहेर आलेले.

"बघ, मोड आले. उसळ करती का?" दादा म्हणाले. ते हसत होते. मला मात्र हसता आलं नाही.

पुढे उन्हात पसरून, मळणी करून जे हाती आलं ते मोंढ्यात नेलं. आडतीवर दाणे मशिनमध्ये टाकून 'हवा' बघतात, म्हणजे ओलावा. सरकारी खरेदीची अट असते साधारण बारा टक्क्यांची. आमच्या मालाची हवाही जास्त आणि दाणाही डागी. भाव काय मिळाला ते दादांनी आईला सांगितलं, मला नाही. त्या वर्षी राज्यपालांनी खरिपासाठी हेक्टरी आठ हजारांची मदत जाहीर केली, तीही दोन हेक्टरपर्यंत. एकरी हिशेब केला तर साधारण सव्वातीन हजार रुपये. वीकेंडला चार जण जेवायला गेलो की आपलं बिल किती होतं?

माझी होस्टेलची फी मात्र वेळेवर भरली गेली. कुठून, ते मी विचारलं नाही आणि दादांनी सांगितलं नाही. ऑक्टोबरशी माझं जे काही बिनसलंय, ते तिथून.

चांदणं आणि चिखल

आता मी नोकरदार मित्रमैत्रिणींच्या गराड्यात राहते. त्यांची काही चूक नाही हो! ते भोंडला करतात, टेरेसवर कोजागरी करतात, मी पण जाते. मसाला दूध मलाही आवडतं. पण २०२५ ची कोजागरी आठवते. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पावसाने थैमान घातलेलं, आमच्या खालच्या रानातलं पाणी अजून हटलेलं नव्हतं. ६ ऑक्टोबरची ती रात्र, टेरेसवर गाणी. एक मैत्रीण म्हणाली, "काय रोमँटिक वेदर आहे ना!" मी दुधाचा ग्लास घेऊन बाजूला गेले आणि घरी फोन लावला. दुसऱ्या दिवशी सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, तेव्हा ऑफिसात तो आकडा सगळ्यांना खूप मोठा वाटला. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता आणि मोंढ्यात बहुतेकांना त्याहून बरंच कमी मिळालं, हे मात्र फारसं कुणाला माहीत नव्हतं.

आणि आमचं तर निदान रान आहे. गंगाखेड, पालम, सोनपेठकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे संसार गाडीत भरून ऊसतोडीला निघतात. आपण सुट्टीसाठी गावी जायला बॅगा भरतो, तेव्हा ते गाव सोडायला भरतात.

म्हणून विनंती एवढीच, की मला 'निगेटिव्ह' म्हणू नका. ऋतू छान की वाईट, हे आपला पगार त्यावर अवलंबून आहे की नाही यावर ठरतं. पहिल्या तारखेला पैसे जमा होतात, त्यांच्यासाठी ऑक्टोबर हा मूड असतो. आमच्या घरात तो हिशेब असतो.

तसं मलाही कोझी आवडतं बरं का! फक्त माझं कोझी जरा उशिरा येतं. नोव्हेंबर अर्धा सरला की तुरीला पिवळा बहर असतो, ज्वारी वीतभर वर आलेली असते, सकाळी तोंडातून वाफ निघते. सोयाबीनचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मग एका सकाळी दादांचा फोन येतो. पिकाचं, पावसाचं काहीच बोलत नाहीत. नुसतं म्हणतात, "थंडी पडायलीय पोरी, स्वेटर काढ."

त्या दिवशी मी कॉफीचा मोठा मग भरते आणि मावसभावाला फोटो पाठवते.

चौकट : ऑक्टोबर निभवायचा कसा?

• दुपारचं ऊन अंगावर घेऊ नका. घाम दिसतो त्यापेक्षा जास्त जातो, पाण्याची बाटली डेस्कवर हवीच.
• कुंड्यांच्या ताटल्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा कोरडे करा. डेंगीच्या डासाला चमचाभर साचलेलं पाणीही पुरतं.
• बाहेरचं चमचमीत जरा कमी. त्याऐवजी सीताफळं खा. या महिन्याची ती एक गोष्ट मला मनापासून मान्य आहे!
• शेजारच्या डेस्कवरचा सहकारी परभणी, हिंगोली, नांदेड, लातूरकडचा असेल आणि सारखा फोन बघत असेल, तर 'गर्लफ्रेंड का?' असं विचारू नका. 'गावाकडं पाऊस कसा आहे?' असं विचारा. तो बोलेल.